अठराव्या दिवसाचं पाणी

तंजावरच्या एका कॉलेजात शंभर प्रोसेसरांचं मोठं संगणकयंत्र आहे. ते भामा सांभाळते, आणि त्याच्यावर तिचा नवऱ्यापेक्षा जास्त भरवसा. कावेरीच्या मुलखाचे तिने शंभर तुकडे पाडले आणि एकेका प्रोसेसराला एकेक वाटून दिला. प्रत्येकाने आपल्या शिवेवरचं पाणी शेजाऱ्याला कळवायचं, मगच सगळ्यांनी मिळून पुढचं पाऊल टाकायचं. एकाला खोटं पढवलं की शंभरही जण, गणित पुरं होईपर्यंत, अकरा दिवस इमानेइतबारे खोटंच मोजत बसतात.

पापनाशमकडच्या चार गावांचा बांध किती उंच करायचा, हे या गणितावर ठरणार होतं. अहवाल सोमवारी जायचा होता. तिथल्या जुन्या पाण्याच्या नोंदी एकाच माणसाकडे होत्या: तिचे अप्पा रघुरामराव, एकतीस वर्षं कालव्यावर पाणी मोजणारे. आपल्या वह्या यंत्रात गेल्या हे म्हातारा गल्लीभर सांगत सुटला होता.

पण ज्या साली त्या गावांत कमरेइतकं पाणी शिरलं, त्या सालीही यंत्रातली गावं कोरडी ठणठणीत. भामाने आधी प्रोग्रामला शिव्या घातल्या, मग तारांना. शेवटी वह्या उघडल्या. दरवर्षी तमिळ आडी महिन्याच्या सतराव्या दिवसाचाच आकडा अठराव्या दिवशीही उतरवलेला होता. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार!

"अप्पा, अठराव्या दिवशी तुम्ही पाणी मोजायची पट्टी बघितलीच नाही?"

अप्पांनी कॉफी खाली ठेवली. "त्या दिवशी आडिपेरुक्कु ना ग, कावेरीच्या पूजेचा सण. पट्टी घाटावर. अवघ्या बायका न्हाऊन, ओलेत्यानं पूजेस उभ्या. मी पुरुषमाणूस, तिथे कसा जाऊं? आदल्या दिवसाचं लिहिलं."

"पूर त्याच दिवशी आला होता, अप्पा."

भामाला संताप आला, आणि त्यांची कीवही आली. असल्या सोवळ्या लाजेपायी बांध हातभर बुटका झाला असता.

"मग तेवढे दिवस काढून टाक," अप्पा घाईने म्हणाले.

"बाकीचे सगळे तुम्ही स्वतः बघून लिहिलेत ना?"

अप्पांनी पेल्याची कड अंगठ्याने पुसली. "बहुतेक," ते म्हणाले.

भामाने अहवाल थांबवला. विलंबाचं कारण विचारणाऱ्या रकान्यात तिने वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं.