दाट दातांचा पट्टा

बबनशेठ आऱ्याच्या पट्ट्यावर अंगठा फिरवताना डोळे मिटून घेत. वैद्याने नाडी बघावी तसे. अर्थात गिऱ्हाईक समोर असेल तरच. दहाबारा दातांवरून अंगठा गेला की डोळे उघडत आणि सांगत, "लाकूड माझ्याशी बोलतं." कोपरगावात त्यांच्या सॉ मिलमध्ये मी सात वर्षं मशीनवर होतो. लाकूड त्यांच्याशी काय बोलत होतं ते मला कधी समजलं नाही. पण त्यांना लाकडातलं काही कळत नाही, हे पहिल्याच आठवड्यात समजलं. ते अंगठा दातांच्या उलट्या बाजूने फिरवत. सुलट फिरवला तर कापला जातो, एवढंच ज्ञान त्यांच्याकडे पक्कं होतं.

मिल वडिलांनी उभी केलेली. ह्यांनी फक्त पांढरा शर्ट घालून खुर्चीवर बसायचं काम केलं. भुसा अंगावर येऊ नये म्हणून वारा बघून खुर्ची हलवत, आणि आलेल्या प्रत्येक सुताराला त्याच्याच धंद्यातलं शिकवत. सुतार ऐकून घेत, कारण एवढा मोठा आरा आसपास दुसरा नव्हता.

खरं ज्ञान सलीमचाचांकडे होतं. पट्ट्यांना धार लावणं आणि दातांना योग्य कल देणं हे त्यांचं काम. मला त्यांनी एकदाच समजावलं होतं, पण जन्माला पुरेल असं. जाड, टणक लाकडाला पट्टा रुंद हवा, दात विरळ हवेत आणि दोन दातांमधला खळगा खोल हवा. कापलेला भुसा त्या खळग्यात बसून बाहेर येतो. दात दाट असले तर भुशाला जागा उरत नाही. तो आतच घासतो, पट्टा तापतो, वाकडा चालतो आणि शेवटी तुटतो. दाट दात पातळ फळीला ठीक. चाचा म्हणत, "पट्टा कापायला घ्यायचा, पन भुशाचा इचार करून."

बबनशेठ एकदा पुण्याचं कसलंसं प्रदर्शन बघून आले आणि येताना अरुंद, दाट दातांच्या पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन आले. सागाला तोच, बाभळीला तोच, चिंचेलाही तोच. कोणी विचारलं की उत्तर तयार असे, "कंगवा जितका दाट, तितका भांग साफ." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं की दिवसातून तीनदा तरी ते म्हणत आणि म्हणून झाल्यावर कोण हसतं ते बघत.

त्याच सुमारास अकोले तालुक्यातल्या एका डोंगरातल्या गावाने ऐनाचं जाड, टणक खोड आणलं. देवळासमोरचं जुनं झाड वादळात पडलं होतं. त्याचीच चौकट त्याच देवळाला करायची, असं गावाने ठरवलेलं. टेम्पोबरोबर चार माणसं आली, आणि हौसाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई. आरा चालू होण्याआधी त्यांनी खोडाला हळदकुंकू लावलं. चाचांनी विरळ दातांचा रुंद पट्टा आधीच काढून ठेवला होता. बबनशेठनी तो बाजूला ठेवायला लावला. चाचांनी दोन शब्द सांगून बघितले, तर गावकऱ्यांसमोर बबनशेठ म्हणाले, "धार लावणाऱ्याने धार लावावी. डोकं लावायला मी आहे."

पट्टा मी चढवला. चुकीचा आहे हे माहीत असून चढवला. हे लिहिताना बबनशेठइतकीच माझीही किळस येते.

हातभर कापून झाल्यावर धूर निघू लागला. पट्टा सरळ रेघ सोडून खोडाच्या पोटात शिरला. मशीन बंद करायला चाचा पुढे झाले आणि त्याच क्षणी पट्टा तुटला. त्याचं सुटलेलं टोक त्यांच्या उजव्या मनगटावर आलं. मी त्यांना घेऊन दवाखान्यात धावलो. हात वाचला, पण बोटं पुन्हा मिटली नाहीत.

मी परत आलो तेव्हा बबनशेठ गावकऱ्यांना खोडातला खिळा दाखवत होते. झाडात जुना खिळा होता, त्याने पट्टा तुटला, मिलचा काय दोष, असं चाललं होतं. मी वाकून बघितलं. ऐनात लोखंड वर्षानुवर्षं राहिलं तर भोवतीचं लाकूड काळंनिळं पडतं. इथे लाकूड स्वच्छ होतं, खिळा चकचकीत होता आणि हातोडी खुर्चीखाली पडली होती. चाचांचं रक्त अजून वाळलं नव्हतं, आणि ह्या माणसाला पहिलं काम खिळा ठोकण्याचं सुचलं होतं. शर्टावर मात्र भुशाचा कण नव्हता.

हौसाबाईंनी खिळ्यावर बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळल्या. "बाबा, तू मशीनवर हुतास. खिळा हुता का यात?"

बबनशेठ माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "न्हवता. आत्ता ठोकलाय."

गावकऱ्यांनी चिरलेलं खोड टेम्पोत चढवलं. जाताना हौसाबाईंनी चाचांचा हात कसा आहे ते विचारलं. बबनशेठनी ते तोवर विचारलं नव्हतं, आणि पुढेही कधी विचारलं नाही. माझी नोकरी त्याच दुपारी गेली.

आता चाचा आणि मी मिळून संगमनेरच्या रस्त्याला पट्ट्यांचं दुकान चालवतो. गेल्या उन्हाळ्यात बबनशेठ आमच्याकडे आले. शर्ट पांढराच. बाभळीचे ओंडके कापायचे होते आणि पट्टे टिकत नव्हते. मी कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगतो तसं त्यांना सांगितलं: रुंद घ्या, विरळ दातांचा घ्या, खळगा खोल बघा. त्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला, उलट्याच बाजूने, आणि समाधानाने म्हणाले, "बरोबर. हेच मी तुला शिकवलं होतं."

चाचांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. लांब पट्टा वेटोळं करून बांधायला दोन हात लागतात, म्हणून तो मी बांधून दिला.