देव्हाऱ्याच्या छताला फोड

“ताई, दिवसभर घरी कोण असतं?”

पॉलिशवाल्या काकांनी हे इतक्या हळू विचारलं की ते टेबलाबद्दलच काही विचारताहेत असं मला वाटलं. काका आंबिवलीहून यायचे. दर दोन वर्षांनी, दिवाळीच्या आधी, आमच्या बाळकुमच्या घरातलं जेवणाचं टेबल आणि सागवानी देव्हारा ते नव्यासारखे करून देत. त्या दिवशी टेबल आटोपून ते देव्हाऱ्यापुढे मांडी घालून बसले होते. देव बाजूच्या ताटात काढून ठेवले होते. काकांचा हात कोपरापर्यंत आत होता आणि डोळे मिटून, नुसत्या बोटांनी, ते देव्हाऱ्याचं छत आतून चाचपत होते.

“आई असते,” मी म्हटलं. “का?”

आई स्वयंपाकघरात त्यांच्यासाठीच चहा करत होती. काकांनी तिकडे एकदा पाहिलं आणि हात बाहेर काढला. बोटं काळी, चिकट झाली होती.

“इथं पॉलिश उकळलंय. फोड आलेत वर. लाखेचं पॉलिश आहे हे, त्याला उष्णता सोसत नाही. पण एका निरांजनानं एवढं होत नाही, ताई. मागच्या वेळी आलेलो तेव्हा छत साफ होतं. आत मोठी आच राहतेय, तास तासभर. आणि वरून कुणीतरी खोबरेल चोळलंय, काळं जावं म्हणून. त्या तेलावर काजळी अजून धरली.”

“निघेल का ते?”

“लाकडाचं सोडा. लाकूड मी घासून देईन. पण आज नाही करणार. आधी बघा काय चाललंय ते, मग बोलवा मला.”

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. “काय वो, देवाचं घर पसंत न्हाई पडलं? निम्म्यातच उठलात?”

“मावशी, देवाच्या घराला हात लावायचा तर मुहूर्त नको का?” काका हसून म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

त्यांची मी आजही ऋणी आहे. दोन हात पॉलिश मारून ते सहज निघून जाऊ शकले असते. मला काही कळलंही नसतं.

तो देव्हारा आईनेच निवडला होता. आम्ही हे घर घेतलं तेव्हा वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि आई गावी एकटी होती. तिला कायमचं इकडे आणलं, आणि पहिली खरेदी म्हणून कल्याणच्या एका दुकानात देव्हारा बघायला गेलो. दुकानदाराने आधी सनमायका लावलेले चकचकीत देव्हारे दाखवले. “मावशी, हे घ्या. ओल्या फडक्यानं पुसा, काही होत नाही. सागवानाची फार काळजी घ्यावी लागते.” आई म्हणाली, “काळजी घ्यायची न्हाई, तर मग मी या पोरीच्या घरात दिवसभर करायचं काय?” सगळे हसले. मग तिने एकेक देव्हारा पारखायला सुरुवात केली. खालचा खण ओढून बघितला, आतल्या कोऱ्या लाकडाचा वास घेतला, टिचकी मारून आवाज ऐकला, पाठीमागे प्लायवूड लावलंय का ते वाकून बघितलं. ती दुसरी-तिसरी शिकलेली बाई. मी पदवीधर, ग्रंथालयात नोकरी करणारी, आणि मला त्यातलं काही सुचलं नव्हतं.

देव्हाऱ्याची काळजी तिने मनापासून घेतली. जुन्या सुती साडीचं कोरडं फडकं, तेही उलट्या हाताने नाही, लाकडाच्या रेषेने. कुंकू सांडलं की लगेच टिपायचं. अभिषेकाचं पाणी आत कधी नाही, देव ताम्हनात घेऊन बाहेर. फक्त एका गोष्टीचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. गावच्या घरात देव भिंतीतल्या कोनाड्यात होते. मातीची भिंत, वरून शेणाचा हात. तिथे दिवा रात्रंदिवस जळला तरी जळण्यासारखं काही नव्हतंच. वर काजळी धरायची आणि ती देवाची काजळी म्हणून आई बोटाने आमच्या कपाळाला लावायची. इथे ज्योतीच्या वर वीतभर अंतरावर लाकूड होतं, त्याच्यावर लाख होती, आणि त्याच्यावर आता खोबरेल.

आणि दिवा मालवायचा नाही, हा तिचा नेम. तेल संपून तो आपणहून शांत व्हायला हवा.

काका गेल्यावर मी तिला विचारलं. “आई, देव्हाऱ्यात मोठा दिवा ठेवतेस का दुपारचा?”

“रोजचाच ठेवते. का गं?”

“वरती काळं झालंय.”

“दिवा लावल्यावर काळं न्हाई तर काय पिवळं हुईल?”

ती हसली, मीही हसले. पण तिने हसताना माझ्याकडे बघितलं नाही, हे मला तेव्हाच दिसलं होतं. देव्हाऱ्याच्या वरच्या पट्टीला आतून प्लॅस्टिकच्या मण्यांचं एक छोटं तोरण अलीकडेच लावलेलं होतं. ते छताचा काळा भाग बरोबर झाकत होतं. मी ते बघितलं आणि विचार करायचं टाळलं. नवऱ्याची कोलशेतच्या कंपनीत पाळी असते. आम्ही दोघेही सकाळी बाहेर पडतो आणि आई चौदाव्या मजल्यावर एकटी राहते. त्यामुळे काही झालेलं नाही असं धरून चालणं मला सोयीचं होतं.

पण भीती बसली ती बसलीच. ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करताना माझ्या डोळ्यापुढे ते फोड यायचे. अकरा वाजता फोन, दोन वाजता फोन.

“काय करतेस?”

“बसलेय.”

“जेवलीस?”

“व्हय. का गं, मी काय पळून जातीय?”

तिला हे विचारायची लाज वाटायची मला. माझी आई आयुष्यभर विस्तवाजवळ उभी राहिलेली बाई. मी ज्या शाळेत शिकले त्याच शाळेत ती मुलांची खिचडी शिजवायची. दीडशे पोरांचं पातेलं, खाली तीन दगडांची चूल, पावसात ओली लाकडं. तिच्या हातून कधी एक ठिणगी इकडची तिकडे झाली नाही. त्या चुलीवर माझी बारावी झाली, त्याच चुलीवर पदवी. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. पदवीच्या दिवशी तिच्या पदराला धुराचा वास होता म्हणून ती सभागृहात मागच्या रांगेत बसली होती. त्या बाईला मी कोणत्या तोंडाने विचारणार, की तुला दिवा सांभाळता येतो का?

मग तो गुरुवार आला. दोनच्या फोनला उत्तर नाही. पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. शेजारचे लोक गावी गेलेले. वॉचमनला फोन केला तर त्याने खालून इंटरकॉम लावून बघितला. “मॅडम, कोणी उचलत नाही.” मी वरिष्ठांना सांगून निघाले का न सांगता, तेही मला आठवत नाही. रिक्षा माजिवड्याला अडकली. पुढे एक टँकर वळत होता. रिक्षावाला म्हणाला, “ताई, उडून नाय जाता येत,” आणि आरशात माझा चेहरा बघून त्याने हॉर्न दाबून धरला. मी बाहेर मान काढून आमच्या इमारतीकडे बघत होते. मधल्या इमारतींमुळे ती दिसत नव्हती. दिसली तेव्हा मी खालून मजले मोजले. चौदाव्या खिडकीतून धूर नव्हता. पण खिडक्या बंद होत्या, आणि खिडक्या बंद असल्या तर धूर बाहेरून कसा दिसणार, हे मनात आल्यावर मी सुटे पैसे न घेताच लिफ्टकडे धावले.

किल्लीने दार उघडलं आणि तो वास आला. जळण्याचा नव्हे. गोडसर, जड, गरम लाखेचा. पॉलिशवाले काका आल्यावर घरात भरतो तसा, पण तापलेला.

देव्हाऱ्यात तीन दिवे जळत होते. समई, निरांजन आणि दिवाळीतली मातीची मोठी पणती. तिन्ही तेलाने काठोकाठ भरलेले. समईच्या पाचही वाती पेटवलेल्या. मण्यांचं तोरण आकसून एका बाजूला लोंबत होतं आणि छतावरून एक तांबूस थेंब खाली ओघळून अर्ध्यात थांबला होता. आई समोर उभी होती. एका हातात तांब्याची छोटी दिवली, दुसऱ्या हातात काडेपेटी.

“आलीस?” ती म्हणाली. “तिन्हीसांज झाली वाटतं. थांब, तेवढा दिवा लावते.”

दुपारचे अडीच वाजले होते.

मी पुढे झाले आणि तोंडाने फुंकर मारून दिवे विझवले. एकामागून एक, सगळ्या वाती. देवाच्या दिव्यावर फुंकर घालायची नसते हे मी बोलायला शिकले तेव्हापासून मला ठाऊक आहे. त्या आधी मी ते कधीही केलं नव्हतं. धूर माझ्या तोंडावर आला. आईने काडेपेटी छातीशी धरली.

“अगं बये! काय केलंस हे?”

“आई, तीन दिवे लागलेले होते.”

“तीन?”

तिने देव्हाऱ्यात बघितलं. मग माझ्याकडे. मग परत देव्हाऱ्यात. एकेका वातीवरून तिची नजर फिरत होती. तिच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती मी आधी कधीही बघितली नव्हती, अगदी वडील गेले तेव्हाही नाही. ती हळूच खाली बसली. मी तिच्या हातातली दिवली घेतली. काडेपेटी तिने सोडली नाही.

वातींकडे बघतच ती म्हणाली, “लावला का न्हाई ते आठवत न्हाई गं. मग वाटतं, देव अंधारात राहिला. मग लावते. आधीचा दिसत न्हाई असं न्हाई. दिसतो. पण तो कालचा वाटतो.”

“आणि वरचं काळं?”

“पुसत होते. तेल लावून. न्हाई निघालं, म्हणून तोरण लावलं.”

“मला सांगायचं होतंस ना.”

“काय सांगू? सांगितलं की तू नोकरी सोडणार.” तिचा आवाज चढला, शाळेत पोरांना रांगेत उभं करायची तसा. “घरात माझ्यापुढं पाय पसरून बसणार. त्यासाठी फुंकली व्हय मी चूल एवढी वर्षं?”

येताना रिक्षात मी तेच ठरवलं होतं.

पुढचे पंधरा दिवस मी रजेवर होते. डॉक्टरांनी तिला साधे प्रश्न विचारले. वार कोणता, वय किती, सकाळी काय खाल्लं. तिने निम्म्या प्रश्नांची उत्तरं थट्टेत दिली. डॉक्टर हसले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी मला सांगितलं की सुरुवात आहे, गोळ्यांनी वेग कमी होईल, पण एकटं ठेवू नका. नवऱ्याने विजेवर चालणारा दिवा आणला. आईने तो उलटापालटा करून बघितला. “ह्याला तेल कुठनं घालायचं?” असं विचारून खणात टाकून दिला. शेवटी समई देव्हाऱ्यातून काढून ओट्याच्या दगडावर ठेवली, परातीत. “देव एका खोलीत, दिवा दुसऱ्या खोलीत,” आई म्हणाली. “बरं आहे, भांडणं तरी व्हायची न्हाईत.” काका येऊन गेले. फोड खरवडून त्यांनी छताला पॉलिश केलं, आणि काय कारण निघालं ते मला विचारलंही नाही. बाळकुम गावातल्या एक बाई दिवसभर सोबत राहायला तयार झाल्या. त्या दहाला येणार होत्या आणि मला साडेनऊला निघावं लागतं. अर्धा तास. पॉलिशला फोड यायला किती वेळ लागतो ते मी काकांना विचारलं नव्हतं, पण तो अर्धा तास माझ्या डोक्यातून जात नव्हता.

रजा संपल्यावरच्या पहिल्या सकाळी मी चपला घालून दारात उभी राहिले आणि माझा पाय बाहेर पडेना. गॅसचं बटण मी खालून बंद केलं होतं. लायटर कपाटात कुलपात होता. सगळं दोनदा बघून झालं होतं. आई आतून आली.

“भीती वाटते व्हय माझी?”

खोटं बोलायचं मनात आलं. “वाटते,” मी म्हटलं.

“मलापण.”

तिने कमरेच्या पिशवीतून काडेपेटी काढली. ती तिने त्या गुरुवारपासून कुणाला दिली नव्हती, झोपतानासुद्धा. मी मागितली नव्हती आणि नवऱ्याने मागितली तेव्हा ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

“ही घिऊन जा. संध्याकाळी आणायची. मी फोन करून मागितली तर न्हाई म्हणायचं.”

“बरं.”

“शिव्या दिल्या तरी. रडले तरी.”

“बरं, आई.”

तिने माझ्या खांद्यावरची पर्स उघडली, काडेपेटी डब्याच्या खाली सरकवली आणि स्वतःच्या हाताने चेन शेवटपर्यंत लावली.