घोडेगावच्या बोर्डासाठी एक फोटो

सकाळच्या जुन्नर एसटीत बसले तेव्हा मांडीवर कॅमेऱ्याची बॅग होती, पायाशी कपड्यांची पिशवी आणि काखेत ती गोल घडीची चंदेरी चकती, जिला आमच्या क्लासमध्ये रिफ्लेक्टर म्हणतात. सावलीतल्या चेहऱ्यावर उजेड वळवायला ती लागते. कंडक्टरने तिच्याकडे बघून विचारलं, "हे काय, गाडीच्या काचेला लावायचं का?" मी हो म्हटलं. पन्नाशीला टेकलेली, दिवसभर औषधाच्या दुकानात उभी राहणारी बाई फॅशन पोर्ट्रेट शिकायला निघालीय, हे भरल्या एसटीत सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

माणूस आणि त्याच्या अंगावरचं कापड, दोघांनाही न्याय देणारा फोटो काढा, असं आमच्या सरांनी सांगितलं होतं. क्लासमधल्या सगळ्यांनी पुण्यातल्या कॉफीच्या दुकानांत आपापल्या मैत्रिणी उभ्या केल्या. मीही केल्या. पोरी छान होत्या, कपडे महागाचे होते, आणि माझे फोटो जाहिरातीची वाईट नक्कल वाटत. तेवढ्यात मनीषाचा फोन आला. ती आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरची. पुण्यात आमच्या बिल्डिंगमध्ये ती आरी वर्क (आकड्याच्या सुईने केलेलं भरतकाम) शिकायला यायची, तिथली आमची ओळख.

"ताई, घोडेगावला गाळा घेतलाय. रविवारी बोर्ड लागतोय," ती म्हणाली. "आजवरचं सगळ्यात भारी काम हातात हाय, नवरीचा ब्लाउज. शुक्रवारी ती घेऊन जाणार. एकदा गेला की माझ्याकडं दाखवायला काय नाय. फोटो काढाल का? बोर्डावर त्योच लावायचाय."

मी काढते म्हणाले आणि फोन ठेवल्यावर घाबरले. तिला हवा होता तसा एकही फोटो मी तोवर काढलेला नव्हता.

म्हणूनच सरळ मंचरला उतरायचं सोडून मी आधी जुन्नर गाठलं, जरा हात बसावा म्हणून. जुन्या बाजारपेठेच्या गल्लीत एका साडीच्या दुकानात मध्यमवयीन सेल्समन गिऱ्हाइकाला साडी दाखवत होता. स्वतःच्याच खांद्यावर पदर टाकलेला, हाताने निऱ्या धरलेल्या, मान किंचित कललेली. भरघोस मिशा असूनही त्या साडीत तो शोभत होता. फोटो काढू का विचारलं तर म्हणाला, "काढा की. पण माझ्यापेक्षा साडी चांगली दिसली पायजे. मालक बघत्यात." आमच्या सरांनी दोन महिने जे शिकवलं ते त्याने एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मी खुशीत फोटो काढले आणि बाहेर येऊन पाहते तर प्रत्येकावर आडवे काळे पट्टे. दुकानातल्या ट्यूबच्या उजेडात कॅमेऱ्याचं गणित वेगळं करावं लागतं, ते मी साफ विसरले होते. स्वतःवरच चिडून मी खानावळीत शिरले आणि मासवडी (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबरं-लसणाचं सारण भरून केलेली वडी, मासा नावालाच) मागवली. झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. नाकाडोळ्यातून पाणी आलं तेव्हा कुठे राग उतरला.

जुन्नरहून नारायणगाव, मंचर असं करत निरगुडसरला पोचायला दुपार कलली. खिडकीतून शिवनेरी बराच वेळ मागे मागे येत राहिला, मग नुसती शेतं. द्राक्षाचे मांडव, कांद्याची लागण, उसाचे उंच फड. शेजारची बाई म्हणाली, "उसाच्या कडंनं एकटं फिरू नका बरं, बिबट्या अस्तोय." पाऊस पडणार असल्याचं सांगावं तसं तिने ते सांगितलं आणि डोळे मिटून घेतले.

मनीषाचं घर रस्त्यालगतच. घरचे मूळचे धनगर. आता शेती करतात, पण सासूबाईंनी थोड्या मेंढ्या अजून राखल्या आहेत. अंगणात उजेड कसा पडतो ते बघावं म्हणून मी रिफ्लेक्टरची घडी सोडली. ती चकती अशी फाडकन उघडते की मीही दरवेळी दचकते. मेंढ्यांच्या डोळ्यांवर एकदम चकाकी गेली आणि अख्खा कळप अंगणातून कोथिंबिरीच्या वाफ्यात. सासूबाई काठी घेऊन धावल्या. परत येऊन त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पावणं, ती थाळी आधी मिटवा," म्हणाल्या, आणि मग चहा टाकायला गेल्या.

ब्लाउज मनीषाने जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवला होता. तिने तो पलंगावर उलगडला आणि मी जवळ वाकले. गर्द जांभळं कापड. पाठीवर समोरासमोर दोन पोपट, आणि त्यांच्या चोचींत नेहमीच्या फुलाऐवजी बाजरीचं कणीस. कणसाचा एकेक दाणा जरीचा.

"तूच घाल ना," मी म्हटलं. "अंगणात ऊन मस्त आहे. दहा मिनिटांत फोटो होईल."

तिचा चेहराच बदलला. "मी? ओ ताई, नवरीचं कापड हाय ते! तिच्या आधी दुसऱ्याच्या अंगाला लावायचं नसतं."

"कोण बघतंय इथे?"

दारातून सासूबाई म्हणाल्या, "फोटो बघंल की सगळा तालुका. उद्या लगीन मोडलं, तर नाव कुणाचं?"

खरं सांगते, मला राग आला. एवढ्या लांब आले, ऊन सोन्यासारखं, ब्लाउज असा, आणि अडलंय कशावर तर असल्या समजुतीवर. मी मनीषाला विचारलं, "तू मानतेस हे?"

"मी मानती का नाय, ते सोडा. नवरीची आई मानती. अन् ब्लाउज मला पोरी देत न्हाईत, त्यांच्या आया देत्यात. हे कळलं तर पुन्हा एक नवरी दुकानाची पायरी चढायची नाय."

मग ब्लाउज तिच्या शिवणकामाच्या पुतळ्यावर चढवून पाहिला. पोपट सपाट झाले, कणीस दिसेनासं झालं. भिंतीवर वाळत घातल्यासारखा फोटो आला. मनीषाने तो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिला. "बरा हाय," म्हणाली. पण तिचं तोंड उतरलेलं मला दिसत होतं. आता उरला होता फक्त शुक्रवार, आणि नवरी अंगावर घालून बघेल तेवढाच वेळ.

सकाळी तिच्या स्कूटीवर आम्ही घोडेगावला निघालो. ब्लाउज माझ्या मांडीवर, रिफ्लेक्टर सासूबाईंनी सुतळीने करकचून बांधून दिलेला. पंचायत समितीच्या रस्त्यावर डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या एसट्या धूळ उडवत होत्या. मनीषाचा गाळा रिकामाच होता: एक मशीन, एक आरसा, चुन्याचा वास. शटर अर्धं खाली होतं आणि उन्हाचा पट्टा फरशीवरून उसळून भिंतीवर चढला होता. इतका मऊ उजेड मला क्लासमध्ये दिवे लावूनही कधी साधला नव्हता. मी सुतळी सोडलीच नाही.

नवरी पूनम, मंचरच्या दवाखान्यात नर्स, आईला घेऊन आली. फोटोचं ऐकून ती खूश झाली, आरशात बघून केस सारखे करू लागली. आई मात्र ठाम. "लग्नाआदी पोरीचं तोंड बाजारात बोर्डावर? नगं."

"आई, मोबाईलवर रोज टाकते की मी फोटो!"

"ते तुझ्या मोबाईलात. हितं भाजीवाला बी बघणार."

पूनम रुसली. मनीषाने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे तरी काय होतं? आमच्या सरांचा सगळा भर डोळ्यांवर, आणि इथे चेहराच गेला. मी म्हटलं, "पाठमोरा काढते. काम तर पाठीवरच आहे." आईने क्षणभर विचार केला, पिशवीतून करंडा काढून ब्लाउजच्या आतल्या कडेला कुंकवाचं बोट लावलं आणि म्हणाली, "घाल आता."

घातला, तर उजवा खांदा किंचित चढत होता. मनीषा पिना तोंडात धरून मागे उभी राहिली. मला वाटलं, आता हा बिघडला तर फोटोचं राहू द्या, हिचं दुकानच उघडण्याआधी बसेल. तिने एक टाका उसवला, खांदा सोडला, आणि पाठीवरची दोरी बोटांनी अलगद जागेवर बसवली. पूनमने सुटकेचा श्वास सोडला, मान थोडी वळवली, पोपट जिवंत झाले. मी बटण दाबलं.

त्यानंतरही बरेच फोटो काढले. पण पूनम पोज द्यायला लागली होती, आणि आई सारखी रस्त्याकडे बघत होती. त्यांच्या गावची एसटी सुटणार होती. अर्ध्या तासात ब्लाउज घडी होऊन पिशवीत गेला. सगळे फोटो बघितले तर जमलेला एकच होता, तो पहिला. आणि त्यात दोरीपाशी मनीषाची बोटं आली होती: जाडसर, सुईने टोचलेली, नखांत जांभळा रंग उतरलेला.

"काळजी करू नकोस," मी म्हटलं. "घरी कॉम्प्युटरवर बोटं काढून टाकते."

संध्याकाळच्या गाडीने परतले. घोड नदीच्या कडेने जाताना उजेड पाण्यावर पडला होता, पण कॅमेरा बाहेर काढावासा वाटला नाही. अंगाला बाजरीचा, चुन्याचा, मेंढ्यांचा वास येत होता आणि मी फार सुखी होते. घरी येऊन मी बसले आणि बोटं अशी पुसली की तिथे कधी कुणी होतं असं वाटू नये. माझ्या आयुष्यातला सगळ्यात देखणा फोटो तयार झाला. मनीषाला पाठवला.

तिचं बोलणं लगेच रेकॉर्ड होऊन आलं. "ताई, माझी बोटं कुठं गेली?"

मी फोन करून समजावलं, आता कसं स्वच्छ दिसतंय, कामावर नजर ठरते वगैरे. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ते खरं. पण असा ब्लाउज मंचरला रेडिमेड बी मिळतो म्हणतील लोकं. बोटं राहू द्या."

मी ऐकलं आणि बोटांसकटचा मूळ फोटो तिला पाठवला. पण सरांना कुठला फोटो दाखवायचा ते माझं ठरेना. एकीकडे शिकलेलं सगळं, दुसरीकडे ती टोचलेली बोटं. शेवटी शनिवारी क्लासमध्ये बोटांसकटचा ठेवला. सरांनी दोरीवरच्या बोटांपाशी पेन टेकवून विचारलं, "ही कोण?" नवरीबद्दल त्यांनी विचारलंच नाही. मी मनीषाचं नाव सांगितलं आणि मला विनाकारण भरून आलं.

रविवारी बोर्ड लागला. दुपारी मनीषाचा फोन आला, मागे रस्त्याचा गलका, आवाजात धाप. पहिलंच गिऱ्हाईक म्हणे लेकीचं लग्न ठरलेली एक बाई. रस्त्यात थांबून बोर्डाकडे बघत राहिली, मग पायरी चढून आत आली आणि तिने विचारलं, "ती बोटं कुणाची?"

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. मी हात पुढं केला, अन् तिनं त्यात कापड ठिवलं."