देव्हाऱ्यात ताणलेलं धनुष्य

पाटणच्या बुरूड आळीत चंद्राबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. सुपं-दुरड्या विणता विणता ती सासऱ्याच्या हाताखाली बांबूची धनुष्यं करायला शिकली. सासरा गेल्यावर तालुक्यातल्या तिरंदाज पोरी तिच्याकडंच येऊ लागल्या. बांबू पुरता वाळला नसेल तर ती त्याला सुरी लावत नसे. आणि तिचं काम कुणी नासवलं, तर त्याची गय करत नसे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुभेदार सयाजी अंगणात आले. लष्करातून निवृत्त झालेले, पण आवाज अजून कवायतीचा. मागं धनुष्य घेऊन लेक संयोगिता. दोन दिवसांनी सांगलीला निवड चाचणी होती, राज्याच्या स्पर्धेसाठी. आणि तिचे बाण एकाएकी डावीकडं जायला लागले होते.

चंद्राबाईनं धनुष्य डोळ्यासमोर आडवं धरलं. मुठीखालचं अंग वरच्यापेक्षा जास्त वाकलं होतं.

"दोरी चढवून किती दिस ठेवलं हुतं?"

संयोगितानं बापाकडं पाहिलं.

"घट बसल्यापासनं देव्हाऱ्यात हुतं," सयाजी म्हणाले. "खंडेनवमीला शस्त्र पुजायचं न्हाई व्हय?"

"दोरी चढवून?"

"मग काय काठीगत ठेवायचं देवीम्होरं? शस्त्र कसं सज्ज पायजे!"

"आवं सुभेदार, बेंदराला बैल पुजता, तवा मानंवर जू ठिवून पुजता व्हय?"

संयोगिताला हसू फुटलं.

"तू दात काढू नगंस!" चंद्राबाई तिच्यावर वसकली. "धनुष्य तुजं. नवरात्रभर डोळं मिटून बसली हुतीस?"

"घट उठल्याबिगर काय हलवायचं न्हाई म्हनलं आबांनी. मी लय सांगितलं, मावशी."

"सांगून काय हुतंय? दोरी उतरवायची हुती."

बांबू सारखा ताणात राहिला की त्याला तोच बाक पडतो. धनुष्याचा जोर घटला होता. बाण मात्र जुन्या जोराला बेतलेले. आता कमी जोराला ते फार ताठर ठरत होते, म्हणून सरळ न जाता बाजूला पळत होते.

"खालचं अंग शेकून कडक करा की," सयाजी म्हणाले.

"करते. आन सांगलीत पोरीच्या हातात मोडलं तर?"



उपाय एकच होता. मऊ पडलेलं अंग सुधारणार नव्हतं, तेव्हा वरचं चांगलं अंग खरवडून त्याच्या बरोबरीला आणायचं. चंद्राबाईनं दातओठ खात सुरी चालवली. थोडं खरवडायचं, दोरी ओढून दोन्ही अंगं सारखी वाकतात का बघायचं, पुन्हा खरवडायचं. एक फटका जास्त बसला की सरपण. संयोगिताला तिनं काचेचा तुकडा दिला आणि बाणांचा ताठरपणा जावा म्हणून त्यांच्या काड्या तासायला बसवलं. सयाजी मदतीला वाकले, तशी ती ओरडली, "तुमी हात लावू नगा!"

दिवस कलेपर्यंत बाण पेंढ्याच्या भाऱ्यात एके ठिकाणी रुतू लागले. लांबून मात्र खाली पडत होते. "नेम वर धर," चंद्राबाई म्हणाली. "किती, ते तुजं तू शोध. उद्याचा दिवस हाय." दुसरा सगळा दिवस संयोगितानं घरामागच्या रानात तेच केलं.

चाचणीनंतर बापलेक पुन्हा आले. सयाजींच्या हातात पेढे.

"चंद्राबाई, निवड झाली! शेवटच्या जागंवर का हुईना, पर झाली!"

तिनं पेढ्यांकडं पाहिलंही नाही. आधी धनुष्य मागितलं. ओढलं, तशी आतून बारीक करकर आली.

"पोरीनं मिळवलं," ती म्हणाली. "आन ह्ये धनुष्य संपलं. चांगलं अंग माज्या हातानं मारायला लावलंत मला."

"मग राज्याला काय न्यायचं?" संयोगितानं विचारलं.

चंद्राबाई शिडी लावून माळ्यावर चढली. वाळवून ठेवलेला एकच बांबू होता, तो तिनं खाली सोडला.

"उद्यापासनं सकाळी येत जा. तुज्या ओढीला बेतून करू." मग सयाजींकडं वळली. "तुमी येऊ नगा."

"आवं, पेढं तरी..."

"ठिवा तिथं. आन जावा."

सयाजींनी पुडा ओट्यावर ठेवला, चपला घातल्या आणि ते गेले. चंद्राबाई बांबूची पेरं चाचपत बसली. राग उतरला नव्हता. पण सकाळच्या कामासाठी सुरीला धार लावायची होती.