वर्ध्याचा चालू वर्तमानकाळ

सकाळी वर्धा स्टेशनात उतरले तेव्हा चांगलीच थंडी होती. शेजारी एक बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती, "मी उतरून राह्यली, तू कुठी हायेस?" उतरून राह्यली म्हणजे उतरते आहे. साताऱ्याच्या माझ्या कानाला हे नवं होतं. बाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठी जाऊन राह्यले मॅडम?" मी पिपरी मेघे म्हटल्यावर तो म्हणाला, "बसा नं, तिकडंच जाऊन राह्यलो." रिक्षात बसल्या बसल्या मी वहीत लिहून ठेवलं: इथं 'राह्यला' जोडलं की कुठलंही क्रियापद चालू लागतं.

चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आहे. वर्ध्याला लागूनच वाढलेल्या पिपरी मेघेतल्या एका खासगी इंग्रजी शाळेला प्राथमिक वर्गांसाठी एक शिक्षिका निवडायची होती. बाहेरची परीक्षक म्हणून ओळखीतून त्यांनी मला बोलावलं. या निमित्तानं नवा मुलूख पाहायला मिळेल म्हणून मी आनंदानं निघाले होते.

शाळेत जाण्याआधी कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) खाल्ले. पहिल्याच घासाला ठसका लागला आणि लाल तर्री फिकट साडीवर सांडली. टपरीवाल्या काकांनी पाणी दिलं, वर म्हणाले, "हळू खाजा मॅडम, कोनी मागं लागून नाई राह्यलं." डाग काही गेला नाही. पदराची घडी त्यावर ओढून मी मुलाखतींना बसले.

समितीत आम्ही तिघं होतो: संस्थेचे सचिव, मुख्याध्यापिका आणि मी. तो शनिवार होता आणि आठ उमेदवार आल्या होत्या. सहावी आली ती सुजाता. वय तिशीच्या आसपास, इस्त्रीची सुती साडी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावलेली प्रमाणपत्रं. आष्टीहून पहाटेच्या गाडीनं आली होती. सचिवांनी इंग्रजीत स्वतःबद्दल सांगायला सांगितलं.

"आय ॲम लिव्हिंग इन आष्टी," ती शांतपणे बोलू लागली. "आय ॲम टीचिंग सिन्स सेव्हन इयर्स. माय स्टुडंट्स आर नोइंग ऑल द लेटर्स."

"नोइंग?" सचिव म्हणाले. मग मुख्याध्यापिकांकडे वळून त्यांनी तो शब्द ताणून पुन्हा म्हटला. मुख्याध्यापिका तोंडावर पदर धरून हसल्या. माझ्याही ओठांवर हसू आलं. मी ते लगेच आवरलं, पण ते आलं होतं, आणि हे मी इथं लपवणार नाही.

सुजाता थांबली. खुर्चीत सरळ झाली आणि मराठीत म्हणाली, "चूक झाली असंल तर सांगा नं सर. हसता काऊन?"

"नाही नाही, तसं काही नाही. यू मे गो," सचिव म्हणाले. बाकीच्या प्रत्येकीला पंधरा मिनिटं मिळाली होती. हिला दोन-तीन मिळाली असतील.

आता चुकीचं सांगते. 'नो', 'वाँट', 'हॅव' अशा क्रियापदांना इंग्रजीत सहसा 'आयएनजी' लावत नाहीत. आपण मात्र साताऱ्यातही 'मला कळतंय', 'मला पाहिजेय' म्हणतो, वर्ध्यात 'मले समजून राह्यलं' म्हणतात, आणि तेच इंग्रजीत उतरतं. चूक आहेच. त्या चुकीसाठी मी आयुष्यभर गुण कापत आले. त्या दिवशीही हात सवयीनं चालला: भाषेला वीसपैकी पाच.

मुलाखती संपल्यावर चहा आला. सचिव खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मॅडम, वुई आर वाँटिंग समबडी फ्लुएंट."

कुणीही हसलं नाही. मुख्याध्यापिकांनी मान डोलावली. मी कप खाली ठेवला. हीच चूक जेमतेम पाऊण तासापूर्वी याच टेबलासमोर एका बाईनं केली तर ती अडाणी ठरली, आणि टेबलाच्या या बाजूला बसलेला माणूस तीच चूक करून दुसऱ्याला नापास करत होता. मला इतका संताप आला की तोंडातून शब्द फुटेना. निदान तेव्हा मी स्वतःची समजूत तशी घातली. खरं म्हणजे मी पाहुणी होते, त्यांच्या विश्रामगृहात उतरले होते, आणि त्यांचा चहा पीत होते.

फाटकाबाहेर सुजाता रिक्षाची वाट पाहत उभी होती. मी जवळ गेले. तिनंच विचारलं, "मॅडम, माहं काय चुकलं होतं?" मी नियम सांगितला. तिनं पिशवीतून पेन काढून प्रमाणपत्राच्या पाकिटावर तो लिहून घेतला. "उद्या आयतवार. गावात मुलांचा वर्ग घेऊन राह्यली मी, फुकटच असते. वेळ असंल तर येजा."

रविवारी सचिवांनी गाडीनं फिरवून आणण्याचं ठरवलं होतं. मी नको म्हटलं आणि एसटी स्टँड गाठलं. आष्टीला थेट जाणारी म्हणून चढले ती गाडी निघाली आर्वीपर्यंतचीच. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाले, "आर्वीले उतरजा, तिथून आष्टीची भेटते." आर्वीत तासभर बाकावर बसावं लागलं. पुढच्या रस्त्याला मात्र दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या, मध्ये तुरीची शेतं, आणि कापूस वेचणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधून ओळीनं पुढे सरकत होत्या. आष्टीत उतरून हुतात्मा स्मारकाचा रस्ता विचारला. सुजातानं तीच खूण सांगितली होती.

वर्ग बुद्धविहाराच्या ओसरीवर होता. वीस-बावीस मुलं, एक फळा, आणि सुजाता. काल खुर्चीत जपून बसलेली बाई इथं मुलांच्या मधून फिरत होती आणि प्रत्येकाला एकच विचारत होती, की आत्ता तुझ्या घरी कोण काय करतंय. "माय मदर इज मेकिंग भाकर," "माय फादर इज कटिंग संत्रा," मुलं भराभर सांगत होती. अडलं तिथं मराठी शब्द घालत होती आणि एकही मूल लाजत नव्हतं. माझ्या वर्गात मुलं उठून उभी राहिली की आधी त्यांचा आवाज जायचा.

एक मुलगी म्हणाली, "आय ॲम हॅविंग टू गोट्स." माझा हात आपोआप वर गेला.

"नाई म्हनता का मॅडम?" सुजातानं विचारलं. "काऊन?"

मी सांगितलं की बकऱ्या जवळ असणं हे काही चालू असलेलं काम नाही. तिनं क्षणभर विचार केला आणि मुलांकडे वळली. "पाहा, बकऱ्या चरून राह्यल्या, त्याले आयएनजी. बकऱ्या आपल्या हायेत, त्याले नाई. आता सांगा."

"आय हॅव टू गोट्स," ओसरी एका सुरात म्हणाली.

मला हे समजावायला तीन तास लागायचे. एवढं करूनही निम्म्या वर्गाला कळायचं नाही.

दुपारी तिनं जेवायला घरी नेलं. ज्वारीची भाकरी आणि सोल्यांची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) भाजी होती. तिची आई दुसऱ्यांच्या शेतात कामाला जाते. भाकरी वाढताना त्यांनी विचारलं, "बाई, माह्या पोरीचं इंग्रजी कसं हाय?"

"चांगलं आहे," मी म्हटलं.

"मंग लागंल नं नोकरी? दोन वर्सं झाले, अर्जच करून राह्यली. हे नाई झालं तर म्हन्ते, शिकवनं सोडून नागपूरले दुकानात लागतो."

वीसपैकी पाच देणारा हात भाकरीवर तसाच थांबला. सुजाता आईला म्हणाली, "जेवू दे नं त्याईले." मी पुढचा घास तोडला.

सोमवारी सकाळी सही करण्यासाठी यादी माझ्यासमोर आली. सुजाताचं नाव सर्वांत खाली होतं. मी म्हटलं, "मला तिचे गुण बदलायचे आहेत. काल मी तिचा वर्ग पाहून आले."

सचिव हसले. "मॅडम, यू आर नॉट अंडरस्टँडिंग. पेरेंट्स आर वाँटिंग गुड इंग्लिश."

"आत्ता तुम्ही दोनदा तीच चूक केलीत," मी म्हटलं. "ज्या चुकीला तुम्ही शनिवारी हसलात, तीच."

मुख्याध्यापिका समोरचं रजिस्टर चाळू लागल्या. सचिवांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "माझं काय मॅडम," ते म्हणाले, "मी थोडाच वर्गात शिकवणार आहे? आणि गुण तर तुमच्याच हातचे आहेत."

हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. मी सांगितलं की मी सही करणार नाही. ते म्हणाले, "राहू द्या. दोघांच्या सह्या चालतात." त्यांनी माझ्यासाठी स्टेशनपर्यंत गाडी सांगितली होती. मी रिक्षा केली.

दुपारच्या गाडीनं निघाले. धामणगाव गेलं आणि फोन वाजला. सुजाता होती. शाळेतून तिला नकार कळवला होता. मी घाईघाईनं सांगितलं की मी सही केलेली नाही, मी त्यांना तोंडावर बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, एक विचारू? शनिवारी मी समोर बसून होती, तवा तुमी काऊन नाई बोलल्या?"

वयाचं, पाहुणेपणाचं, रीतभातीचं कारण माझ्याकडे होतं. तीनही कारणं तिला सांगायची लाज वाटली.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "मीही हसले होते."

"पाह्यलं मी," ती म्हणाली. मग म्हणाली, "ज्या शब्दायले आयएनजी लागत नाई, ते समदे लिहून पाठवजा. पोरायले उगाच चुकीचं शिकवून राह्यली मी. आन् मारेगावच्या शाळेत जागा निघाली म्हन्ते, तिथं अर्ज टाकून पाहतो."

सचिवांना मी माफ करणार नाही. आपल्या बोलीतला चालू काळ इंग्रजीत सांडला म्हणून माणसाला हसणारे असे लोक प्रत्येक गावात टेबलामागे बसलेले आहेत, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत माझ्यासारख्या गप्प बसतात म्हणून त्यांचं चालतं. चूक सांगितल्यावर ती लिहून घेणारी त्या खोलीत एकच बाई होती आणि तिला आम्ही बाहेर काढलं. बडनेरा येईपर्यंत उजेड होता. मी वहीचं कोरं पान काढलं आणि यादी लिहायला घेतली.