बोलायला शिका

आमच्या घरात आजवर ज्या वस्तू हरवल्या, त्या सगळ्या मी जपून ठेवलेल्या होत्या.

लग्नाची व्हिडिओ कॅसेट काढायची हौस तेव्हा आमच्या खालापूर तालुक्यात नुकतीच पोचली होती. धाकट्या बहिणीचं, सुलूचं लग्न लोधिवलीला दारातल्या मांडवात लागलं, तेव्हा आम्हीही कर्जतहून व्हिडिओवाला बोलावला. चित्र झकास आलं. आवाज मात्र नुसता बँडचा! मंगलाष्टका म्हणणारे आमचे पळसदरीचे दत्तूमामा पडद्यावर माशासारखं तोंड उघडत-मिटत होते. नशीब, मी मांडवात टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता.

"त्यातला आवाज नीट करून द्या, मी चित्रावर चढवतो," व्हिडिओवाला म्हणाला.

आठवडाभर दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर बसवून (दारं-खिडक्या लावून, घामाच्या धारांत) मी एकावरून दुसऱ्यावर आवाज नीट उतरवून घेतला. 'टेंपो मागं घ्या रं!' काढलं, भटजींची शिंक काढली, मामांचा खोकला काढला. आता तयार कॅसेट ठेवायची कुठं? आमच्याकडे दिसेल त्या कॅसेटवर कुणीतरी सिनेमाची गाणी भरायचं. म्हणून मी ती 'इंग्रजी बोलायला शिका'च्या डबीत घातली. त्या डबीला दोन वर्षांत कुणीही (ती विकत आणणाऱ्या माझ्यासकट!) हात लावला नव्हता. आतली इंग्रजीची कॅसेट गेली 'सुलूचं लग्न – पक्कं' असं लिहिलेल्या डबीत. गाणी भरणाऱ्यांना फसवायला! मग मूळ कॅसेटवर भजनं भरली आणि ही सगळी हुशारी साफ विसरलो.

पावसाळ्यात मामांच्या घशाचं ऑपरेशन झालं. नंतर महिनाभर ते आमच्याकडेच होते. जीव वाचला, आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. ज्यांच्या मंगलाष्टकांशिवाय आमच्या भावकीत अक्षता पडत नसत, त्यांचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता. माझ्या कॅसेटवर.

मी 'पक्कं' लिहिलेली डबी न उघडता व्हिडिओवाल्याला नेऊन दिली. त्यानेही न ऐकता आवाज चढवला.

दिवाळीत सुलूच्या सासरची मंडळी आली, मामाही आले. भाड्याचा व्हिडिओ लागला. पडद्यावर अंतरपाट धरला गेला. मामांनी हात जोडले, तोंड उघडलं, आणि आतून खणखणीत साहेबी आवाज आला, "धिस इज अ काउ!"

सुलूच्या सासूबाई सावरून बसल्या. "हे कुणाला म्हनतायत?"

"गाय म्हंजे लक्ष्मीच की ओ!" आईने सावरून घेतलं.

"रिपीट आफ्टर मी," मामा पडद्यावरून बजावत होते. वऱ्हाडी बिचारे अक्षता टाकत होते. नवरा-नवरीने हार घातले. "नाऊ शट द डोअर!"

सुलू रडतच उठली. "दादा, मामाचा आवाज कुठं हाय रं?"

मूळ कॅसेटवर भजनं होती. फळीवरची इंग्रजीची डबी शोधायला धावलो, तर डबीच नाही! आवाज गेला तेव्हा मामांना वाटलं नसेल इतकं वाईट मला त्या क्षणी वाटलं.

मागे मामा हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. त्यांनी पिशवीतून ती डबी काढली.

"रडू नको गं," ते कुजबुजले. "माज्यापाशी हाय. ऑपरेशननंतर तुमच्या फळीवर दिसली. वर मोठ्या अक्षरात 'बोलायला शिका'. इंग्रजीचं बारीक अक्षर दिसलंच नाय. म्हटलं, भाच्यानं माज्यासाठीच आनून ठेवलीय. घरी जाऊन लावली, तर आत मीच! रोज दुपारी ऐकतो. एवढा इचार करनारा भाचा मिळाया नशीब लागतं."

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघू लागले. खरं सांगायला मी तोंड उघडलं. आणि ते कौतुक बघून पुन्हा मिटलं.

"एकच चूक केलीस," मामांनी मला जवळ ओढलं. "माजा खोकला कशाला काढलास रं? आता तेवढाच जमतो मला."

पुढे व्हिडिओवर खरा आवाज चढला. काम झाल्यावर मामा ती कॅसेट मला परत देऊ लागले, तेव्हा मी दोन पावलं मागं सरलो.

"नको मामा, तुमच्याकडंच असू द्या. माझ्याकडं ती फारच सुरक्षित राहील!"