लवू धुरी आणि तळघरातली रोपं

लवू धुरीने रोपं मारायला सुरुवात केली ती दोन हजार एक सालच्या जून महिन्यात. त्याआधीच्या नऊ वर्षांत कुवेतमध्ये त्याच्या हातून एक ट्रेसुद्धा वाया गेला नव्हता.

लवू कुडाळकडचा. वेंगुर्ल्याच्या बाजूला एका कलमांच्या नर्सरीत वाढलेला, शाळा आठवीपर्यंत. लढाई संपून कुवेत पुन्हा उभं राहत होतं तेव्हा, ब्याण्णव साली, तो एका बागकामाच्या कंपनीत माळी म्हणून आला. ऑक्टोबरात रस्त्यांच्या कडेला फुलं दिसायला हवी असतील तर रोपं ऑगस्टात तयार करावी लागतात, आणि ऑगस्टात बाहेर माती भाजून निघते. म्हणून कंपनीने गोदामात ट्यूबलाइट लावून त्यांच्याखाली पेट्यूनियाची रोपं वाढवायचं ठरवलं. ते काम लवूकडे आलं आणि त्याच्याकडेच राहिलं. अंगाने काटकुळा, बोलायला कमी. पण ट्रेवर वाकला की त्याचा चेहरा पाळण्यात डोकावणाऱ्या माणसासारखा व्हायचा.

तो कुवेत शहराजवळच्या रिग्गईत राहायचा, एका खोलीत चौघं. वरच्या मजल्यावर लीना होती, नाशिकची, सरकारी इस्पितळात नर्स. तिने एकदा खिडकीत मिरच्या लावल्या. बोटभर झाल्या आणि एकामागून एक आडव्या पडल्या. ती डबा घेऊन खाली आली.

"लवूदादा, हे बघा हो. माझ्या हाताला यशच नाही."

लवूने मातीत बोट खुपसलं. "पाणी किती वेळा घालता?"

"सकाळ-संध्याकाळ. इतकं ऊन आहे ना."

"ऊन बाहेर. खोलीत एसी. बुडवून मारलीत त्यांना, लीनाताई. बुडखा कुजला." मग त्याने तिच्या ओट्याखाली साखळीने एक ट्यूब टांगून दिली, रोपांपासून वीतभर उंच. "रोप वाढलं की साखळीची एक कडी वर घ्यायची. पाणी खालच्या ताटलीत घाला, वरून नको. आणि हा छोटा पंखा लावून ठेवा."

"पंखा कशाला? त्यांना काय उकडतं?"

"वारा लागल्याशिवाय खोडात जोर येत नाही. आणि एक ध्यानात ठेवा, उंच वाढली म्हणून खूश होऊ नका. उजेड कमी पडला की रोप मान लांब करतं. ते वाढणं नव्हे, तडफड असते."

त्या वर्षी लीनाच्या मिरच्यांनी निम्म्या बिल्डिंगला ठेचा पुरवला. मग अहमदीच्या तेल कंपनीच्या क्वार्टर्सपासून इंजिनिअरांच्या बायका तुळस, कढीलिंब घेऊन लवूला विचारायला येऊ लागल्या. त्याचं नाव झालं, आणि तिथेच घात झाला.

कंपनीची सरकारी कागदपत्रं सांभाळणारा माणूस होता अश्रफ. अशा माणसाला तिकडे मंदूब म्हणतात. सगळ्या कामगारांचे पासपोर्ट त्याच्या कपाटात. मोडकंतोडकं हिंदी बोलायचा, हसायचा भरपूर. मे महिन्यात लवूचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपत आला होता. अश्रफ म्हणाला, "इकामा हो जाएगा. मेरे दोस्त के घर में फूल का बच्चा लोग मर रहा है. जुम्मे को आके देखो."

लवू शुक्रवारी गेला. वस्तीबाहेर एक एकटा बंगला, खिडक्यांना आतून पत्रे ठोकलेले. तळघरात लांबच्या लांब टेबलं, वर ट्यूब, आणि खाली दोनेकशे रोपं, निम्मी मेलेली. कुठल्या फुलांची, असं त्याने विचारलं. अश्रफ म्हणाला, परदेशी आहेत. लवूच्या हातांना तेवढं पुरलं. त्याने ट्यूब खाली घेतल्या, चिखल झालेली माती बदलली, पंखा मागवला. पुढच्या शुक्रवारी येऊन बघतो तर रोपं तरारलेली. त्याचं त्यालाच बरं वाटलं.

तिसऱ्या शुक्रवारी पानांनी रूप दाखवलं. करवतीसारख्या कडा, एका देठावर पसरलेली बोटं. लवू लहान असताना गावच्या वेशीवर एका बाबाच्या झोपडीमागे हेच झाड पोलिसांनी उपटलं होतं, आणि बाबाला गुरासारखं मारत नेलं होतं. लवूने हात झटकले.

"ये गांजा है. मैं नहीं करेगा."

अश्रफ हसला. त्याच्यामागे जिन्यावर जाड मानेचा एक माणूस उभा होता. त्याच्या हातात पाण्याचा रबरी पाइप होता, दुहेरी करून धरलेला. पहिला फटका लवूच्या कानावर बसला आणि जग एका बाजूने बहिरं झालं. तो खाली पडल्यावर त्या माणसाने घाई केली नाही. पाठ, मांड्या, पोटऱ्या असा क्रमाने खाली येत गेला, शेत नांगरावं तसा. लवू ओरडला, मग ओरडायचा थांबला. शेवटी बरगडीत बुटाची लाथ बसली तेव्हा आत काहीतरी कट्‌ असं वाजलं.

अश्रफ उकिडवा बसला आणि त्याने एक कागद त्याच्या डोळ्यांसमोर धरला. कामगार कामावरून पळून गेल्याची तक्रार होती, लवूच्या नावाची. "अब तुम फरार. बाहर पुलिस, अंदर मैं. सोच लो."

लोखंडी दार लागलं. लवू तिथेच राहिला, तो जवळजवळ सहा आठवडे.

बंगल्यात एक बाईही होती. सफिया, हैदराबादची, चाळिशीची. घरकामाच्या व्हिसावर आलेली, तिचाही पासपोर्ट अश्रफकडे. ती वर स्वयंपाक करायची आणि दुपारी खाली भात आणून द्यायची. पहिल्या दिवशी तिने लवूची पाठ पाहिली आणि ताट ठेवून तिथेच बसली.

"भाई, बोले वैसा करो. ये लोगां रहम नईं जानते."

लवूने मान हलवली. दुसऱ्या दिवशी अश्रफ आल्यावर तो म्हणाला, "करता है."

आणि त्याने केलं. लीनाला आणि अहमदीच्या बायकांना जे जे करू नका म्हणून सांगत आला होता, ते सगळं केलं. सकाळ-संध्याकाळ वरून पाणी, माती सदा चिंब. ट्यूब चार-चार कड्या वर. पंख्याचं तोंड भिंतीकडे. रोपं हात-हात उंच झाली, फिकट, दोऱ्यासारखी. अश्रफ ते बघून खूश. "वाह! एक हफ्ते में इतना!" त्याने लवूला सिगारेट देऊ केली. त्यानंतर चार दिवसांत सगळी रोपं माना टाकून आडवी झाली, बुडख्याशी काळी पडून.

लवूला वाटलं होतं आनंद होईल. झाला नाही. एक-एक रोप उचलून तो बादलीत टाकत गेला. झाड कुठलंही असो, त्याला मारायला हात वळत नव्हता. वळवावा लागत होता.

अश्रफने नवं बी आणलं. लवूने तेही उगवू दिलं आणि मारलं. या वेळी अश्रफने आरडाओरडा केला नाही. तो मेलेल्या ट्रेसमोर वाकला. मातीत बोट घातलं, वास घेतला.

"कंपनी में नौ साल," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्हारा एक फूल नहीं मरा."

अश्रफने बोट ट्रेच्या कडेला पुसलं.

"पानी कौन से हाथ से डालते हो?"

जाड मानेच्या माणसाने लवूचा उजवा हात टेबलाच्या लोखंडी कडेवर दाबून धरला. अश्रफने कुंड्या भरायचं पावडं उचललं आणि पात्याच्या पाठीने मारलं. एकदा. मग पुन्हा. लवूने बघितलं नाही. त्याने फक्त ऐकलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मागे वळलं, मधलं फुटलं. हाताचा रंग संध्याकाळपर्यंत वांग्यासारखा झाला.

"एक हाथ बाकी है," अश्रफ जाताना म्हणाला. "नया बीज शनिवार को."

दुसऱ्या दिवशी दुपारी सफिया भाताखाली लपवून हळद आणि दोन वेदनेच्या गोळ्या घेऊन आली. ओढणी फाडून तिने ती बोटं लाकडी पट्टीला बांधली. तिने त्याला घरी कोण आहे ते विचारलं. तो म्हणाला, प्रभा, बायको. दोन मुली. ती म्हणाली, माझाही मुलगा आहे, वीस वर्षांचा, त्याला वाटतं अम्मी राजवाड्यात कामाला आहे.

गोळ्यांचा रिकामा कागद मात्र ती खालीच विसरली, आणि शुक्रवारी तो अश्रफच्या हाती लागला.

त्या दिवशी अश्रफ एकटाच आला होता, जुम्म्याची नमाज आटोपून, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. त्याने सफियाला केसांना धरून जिन्यावरून खाली ओढत आणलं. प्रत्येक पायरीवर तिची पाठ आपटत होती. "मेरे घर से दवाई? इसको?" तळाशी आल्यावर त्याने तिचं डोकं टेबलाच्या पायावर आपटलं. ती ओरडली नाही, फक्त "या अल्ला" एवढंच पुटपुटली. त्याने पुन्हा आपटलं. तिच्या भुवईतून रक्ताची धार लागली.

लवू भिंतीशी बसला होता. पुढे त्याने हे लीनाला सांगितलं, पोलिसांना सांगितलं, आणि प्रत्येक वेळी इथे येऊन तो थोडा थांबायचा. कारण ठरवून उठलो असं त्याला म्हणता येत नव्हतं. तो उठला एवढं खरं. डाव्या हाताने त्याने ट्यूबची पत्र्याची अख्खी पट्टी साखळीसकट खेचली आणि अश्रफच्या तोंडावर मारली. ट्यूब फुटली. पांढरी भुकटी आणि काच उडाली. अश्रफ डोळे धरून गुडघ्यावर आला. लवूने पावडं उचललं आणि त्याच्या खांद्यावर घातलं, पाठीत घातलं. अश्रफ पडला. तिथे थांबता आलं असतं. दार उघडं होतं, किल्ल्या अश्रफच्या कमरेला होत्या. पण लवू थांबला नाही. त्याने मारलं, आणि मारताना त्याच्या तोंडून गावाकडच्या शिव्या बाहेर पडत होत्या, ज्या त्याने आयुष्यात कधी दिल्या नव्हत्या. अश्रफचा हात वर आला, तो हातावर मारला. हाड मोडल्याचा आवाज आला आणि लवूला तो आवाज गोड लागला.

सफियाने मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. "बस भाई! मर जाता वो! बस!"

तिच्या कपाळाचं रक्त त्याच्या सदऱ्याला लागलं. तेव्हा पावडं त्याच्या हातातून गळालं.

बाहेर जुलैचं ऊन होतं. इतक्या दिवसांनी उजेड पाहून दोघांनाही दिसेना. डांबरावर अनवाणी पाय भाजत होते. कुणी गाडी थांबवेना, आणि रक्ताने माखलेल्या दोघांसाठी कुणी थांबावं तरी का? शेवटी पाण्याच्या टँकरवाल्या एका पठाणाने काही न विचारता दोघांना वर घेतलं. लवूने त्याला लीनाच्या इस्पितळाचं नाव सांगितलं.

लीना कॅज्युअल्टीत ड्यूटीवर होती. तिने आधी सफियाला पाहिलं, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या हडकुळ्या, दाढी वाढलेल्या माणसाला. ओळखायला तिला वेळ लागला.

"लवूदादा? अहो, तुम्ही पळून गेलात म्हणून सगळे..."

"लीनाताई, आधी पोलिसांना बोलवा," लवू म्हणाला. "तिकडे एक माणूस पडलाय. जिवंत असला तर त्याला पण आणायला सांगा."

अश्रफ जिवंत होता. एक डोळा गेला, हात कायमचा वाकडा झाला. तळघर, बी, ट्यूब, पासपोर्टांचा गठ्ठा, सगळं पोलिसांना सापडलं. जाड मानेचा माणूस सीमेवर पकडला गेला. पण लवूलाही आठ महिने आत काढावे लागले. गांजा त्याच्या हाताखाली उगवलेला होता, आणि माणूस त्याच्या हातून मोडलेला. लीनाने साक्ष दिली. अहमदीचा जयप्रकाश नावाचा इंजिनिअर, ज्याच्या बायकोची तुळस लवूने जगवली होती, त्याने वकील दिला. सफियाने न्यायाधीशासमोर कपाळावरची खूण दाखवली आणि सांगितलं, हा भाई नसता तर मी मेले असते. मार्च दोन हजार दोनमध्ये लवू सुटला. सफिया त्याआधीच हैदराबादला परतली होती. ईदला तिचा फोन यायचा, दोघं तब्येतीची चौकशी करायचे, तळघराचा विषय काढायचे नाहीत.

जयप्रकाशच्या ओळखीने दुसऱ्या ठिकाणी त्याचा इकामा झाला. खजुराच्या झाडांना पाणी द्यायचं काम, उघड्यावर, उन्हात. तीन बोटं वळत नव्हती, त्यामुळे बारीक रोपं हाताळता येत नव्हती. कुणी विचारलं तर तो सांगायचा, उघड्यावरच बरं वाटतं.

गावी तो दोन हजार चारला गेला, पाच वर्षांनी. घरी सगळ्यांना सांगितलं होतं की हात यंत्रात आला. चौथ्या दिवशी दुपारी प्रभा पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मुली शाळेत गेल्या होत्या. तिने मान वर न करता विचारलं, "यंत्रात गेलेली बोटां अशी मोडनत नाय. माझ्या बापाशीचो हात गिरणीत गेल्लो, माका ठावक आसा. खरा काय ता सांग."

लवूने सांगितलं. पाइप, पावडं, सफिया, सगळं. ट्यूब खेचली इथवर आल्यावर तो नेहमीसारखा थांबला. मग पुढचंही सांगितलं, जे पोलिसांना त्याने कमी शब्दांत उरकलं होतं: तो पडला होता तरी मी मारत होतो, आणि मला बरं वाटत होतं.

प्रभाचे हात सुपात थांबले.

"मेलो तो?"

"नाय."

"मेलो असतो तर?"

लवूने उजवा हात मांडीवर पालथा ठेवला. "तरी मी थांबलंय नसतंय," तो म्हणाला. "ती बाई होती म्हणान थांबलंय."

प्रभाने सूप बाजूला ठेवलं. उठून त्याच्या शेजारी येऊन बसली, आणि त्याची ती तीन कडक बोटं आपल्या हातात घेऊन तिने एक-एक चोळायला सुरुवात केली. दुखत असणार हे तिला कळत होतं; पण त्याने हात काढून घेतला नाही.